चंपाच्या पिल्लांचे उरलेले सोळा दिवस

मेश्रामबाई, तुम्ही गेलात त्या सकाळी चंपाची पिल्लं चाळीस दिवसांची होती. म्हणजे तुमच्याच नियमाप्रमाणे तुम्ही सोळा दिवस आधी निघालात. अशी सवलत तुम्ही आयुष्यात एकदाच कोणाला दिली होतीत, आणि तीही माझ्यामुळे. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण लगेच धीर होत नाही.

ते सोळा दिवस मी काढले. रोज सकाळी नारायण पेठेतून दोन बस बदलून खराडीला, तुमच्या व्हरांड्यात. कुत्र्याचं पिल्लू छप्पन्न दिवसांचं झाल्याशिवाय आईपासून तोडायचं नाही, या तुमच्या नियमाची ज्याने वीस-बावीस वर्षं टिंगल केली, त्यालाच त्या नियमाची राखण करत बसावं लागलं. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही हसला नसता. नुसतं ‘बरं’ म्हणाला असता, आणि ते मला जास्त लागलं असतं.

सुधा तिसऱ्या दिवशी म्हणाली, “माझ्या बाळंतपणात इतके दिवस आला नव्हतात.” बायकोचं हे वाक्य ऐकून मी डबा घेऊन निघालो.

आधी तुमच्या शोकसभेचं सांगतो, कारण ती तुमची चुकली आणि तुमच्याशिवाय तिची मजा घेणारं दुसरं कोणी नव्हतं. घरी तुमच्या भाच्याने, प्रशांतने, बुद्धवंदना ठेवली होती. पंधरा माणसं, मेणबत्ती, पांढरी फुलं, भाषण नाही. मला वाटलं झालं, नीट झालं. पण समोरच्या टॉवरमधल्या लोकांना राहवेना. त्यांनी क्लबहाऊसमध्ये सभा घेतली. बाहेर फ्लेक्स होता. त्यावर तुमचा फोटो पासपोर्टच्या मापाचा आणि स्थानिक पुढाऱ्याचा कमरेपर्यंत, हात जोडलेला, त्यामुळे लांबून येणाऱ्याला नेमकं कोण गेलं याचा अंदाज चुकत होता. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने तुम्हाला तीन वेळा ‘श्वानप्रेमी’ म्हटलं. मी उठून सांगणार होतो की बाईंना हा शब्द चालत नसे. “मी नर्स आहे,” म्हणायचात. “प्रेम करणारी माणसं वेगळी. ती वेळेवर जंताचं औषध देत नाहीत.” मग एका गृहस्थाने पिल्लांचा संबंध अमेरिकेत गेलेल्या मुलांशी जोडला. चार जणांनी डोळे पुसले. मी सवयीने मान वळवली, तुमचा चेहरा बघायला.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तेव्हा खराडीला ज्वारीची शेतं होती आणि त्यांच्या मधेच तुमचं दोन खोल्यांचं घर, कोणीतरी ठेवून विसरल्यासारखं. माझी मुलगी मुक्ता नऊ वर्षांची होती. ग्रंथालयात येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तुमचा पत्ता दिला होता. मी स्कूटरला भाजीची बास्केट बांधून आलो होतो, म्हणजे पिल्लू घेऊनच जाणार होतो.

“किती दिवसांची आहेत?” मी विचारलं.

“पस्तीस.”

“खातात?”

“खातात.”

“मग द्या की.”

“नाही.”

“का?”

“पेशंट जेवायला लागला म्हणून डिस्चार्ज देत नाहीत.”

आठ आठवडे व्हायला तीन आठवडे बाकी होते. मी ग्रंथपाल. नियम दिसला की त्याच्या मागचं कारण विचारायचं आणि कारण सापडलं तरी समाधान मानायचं नाही, हा आमचा धंदा. मी म्हणालो, “छप्पन्नच का पण? पंचावन्नाव्या दिवशी काय बिघडतं?”

“काही नाही. पण पंचावन्नला दिलं की तुम्ही चोपन्न मागाल.”

मग तुम्ही विचारलंत, “चहा घेता ना आमच्याकडे?” आणि उत्तर येण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत. ते बघणं काय होतं हे मला कळायला बरीच वर्षं लागली. माझ्या पेठेतून आलेल्या माणसांचे चेहरे तुम्ही त्याआधीही पाहिले असणार, आणि काहींना तहान अचानक नाहीशी होत असणार. मी चहा प्यायलो. त्यात माझं काही कौतुक नाही. उन्हातून आलो होतो. पण त्या कपानंतर तुम्ही म्हणालात, “पुढच्या रविवारी या. त्याच्या पुढच्याही.” पिल्लं कोणाच्या घरी द्यायची हे तुम्ही कुठून ठरवायला सुरुवात करत होतात, ते मला आता कळतं. याबद्दल आपण कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं, आणि सुरुवात मी करायला हवी होती.

तिसऱ्या रविवारी कापडाचा प्रकार झाला. पिल्लू ज्या घरी जाणार तिथल्या अंथरुणातलं एक जुनं कापड तुम्ही मागून घ्यायचात. ते आठ दिवस आई आणि पिल्लांच्या खाली घालायचात आणि पिल्लाबरोबर परत द्यायचात, म्हणजे आईचा वास आणि नव्या घराचा वास त्याला एकाच ठिकाणी सापडायचा. सुधाने तिचं जुनं पातळ काढलं. धुतलं, नीळ घातली, इस्त्री करून घडी घालून माझ्या हातात दिलं. तुम्ही ती घडी हातात धरून उभ्या राहिलात.

“हे काय? कुत्रीला लग्नाला जायचंय?”

मी ते परत घरी नेलं. सुधा म्हणाली, “कोणाच्या घरी मळकं कापड पाठवायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक नाहीत गं, कुत्री आहे.”

“कुत्री तरी काय म्हणेल?”

शेवटी आठवडाभर मी त्या पातळावर झोपलो आणि मग ते तुम्हाला पसंत पडलं. त्यामुळे आमचा मुक्काम एक आठवडा वाढला. त्या वाढीव रविवारी मुक्ताने आईला पिल्लावर गुरगुरताना पाहिलं. एक पिल्लू दूध पिताना दात लावत होतं. आईने मान फिरवून त्याचं तोंड आपल्या तोंडात धरलं, अगदी क्षणभर. पिल्लू ओरडून पाठीवर पडलं. मुक्ता रडायला लागली, “आई चावली त्याला!”

“चावली नाही,” तुम्ही म्हणालात. “सांगितलं. थांब, बघ आता.”

मिनिटभराने ते पिल्लू पुन्हा गेलं. या वेळी हळू, परवानगी मागितल्यासारखं. तुम्ही मुक्ताला म्हणालात, “हे मला शिकवता येत नाही. तुझ्या बाबांनाही नाही. त्यांच्याकडे असलं पुस्तक नाहीये.”

त्या पिल्लाचं नाव मुक्ताने डब्या ठेवलं, कारण घरात आल्याबरोबर तो माझ्या डब्यात तोंड घालून बसला. चौदा वर्षं जगला. हातातली पोळी घ्यायचा ती अशी की दात बोटाला लागायचे नाहीत, मग हात माझा असो, पोस्टमनचा असो की दोन वर्षांच्या मुलाचा. येणारे-जाणारे मला म्हणायचे, “काय छान शिकवलंय तुम्ही.” मी चौदा वर्षं ‘हो’ म्हणत आलो. ते श्रेय तुमचं आणि त्याच्या आईचं होतं. आज पोचतं करतो.

मग खराडी बदलली. ज्वारी गेली, काचेच्या इमारती आल्या. इमारत बांधणाऱ्या मजुरांच्या वस्त्या एक काम संपलं की पुढच्या कामाकडे जायच्या आणि त्यांनी पाळलेल्या कुत्र्या मागे राहायच्या, बहुतेक पोटुशा. त्यांना तुमचं घर कसं सापडायचं कोण जाणे. तिथेच काम करणारी मुलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, पिल्लं मागायला यायची. “पट्टा यांच्या गळ्यात,” तुम्ही म्हणायचात, “आणि कुत्रं मागायला माझ्याकडे.” तुमची जागा विकत मागायला जे यायचे त्यांनाही तुम्ही व्हरांड्यात बसवून पिल्लाबद्दलच विचारायचात. त्यातल्या एकाने खरंच नेलं.

आणि आपलं भांडण चालूच होतं. महिन्यातून एखादा रविवार तरी. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणायचो. अमुक देशात सात आठवड्यांना देतात, बघा, छापलंय. तुम्ही चष्मा लावून पान वाचायचात. “तिकडच्या कुत्र्या हुशार असतील,” म्हणायचात. कधी फार ताणलं की पुण्यात चाळीस वर्षं काढलेल्या तुमच्या बोलण्यातून नागपूर वर यायचं, “काय बोलून राहिले तुम्ही?” आणि मला समजायचं की आज मी जिंकत आलोय. जिंकत आलो की तुम्ही चहा टाकायला उठायचात.

आता अभयचं.

अभय माझ्या मित्राचा मुलगा. सॉफ्टवेअरमधला, सरळ. नवीन काम सुरू व्हायच्या आधी त्याला दहा दिवसांची सुट्टी होती, आणि पिल्लाला नव्या घराची सवय लावायला तीच वेळ बरी, असं त्याचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त पिल्लू अडतीस दिवसांचं होतं. तुम्ही नाही म्हणालात. मी मधे पडलो. मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं, दुर्दैवाने. “बाई, नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात.” दुसऱ्यांच्या भाषणातली असली वाक्यं वेचून हसण्यात ज्याची हयात गेली, त्याने हे वाक्य उभं राहून म्हटलं.

तुम्ही पिल्लू उचलून घेतलंत. मग म्हणालात, “तुमच्या शब्दावर देते.”

सहा महिन्यांनी पिल्लू परत आलं. तोपर्यंत त्याचा तगडा कुत्रा झाला होता. स्वभाव वाईट नव्हता. पण तोंडात येईल ते पूर्ण ताकदीने धरायचा, आणि हे सगळं खेळ म्हणून. जोर म्हणजे किती जोर, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्यांनी सांगायचं त्या भावंडांमधून आणि आईपासून मी त्याला उचलून नेलं होतं. अभयच्या बायकोच्या हाताला टाके पडले. तुम्ही मला फोन केलात. “आला,” म्हणालात. एवढंच.

तुम्ही त्याला ठेवून घेतलंत. तुमच्याकडच्या एका म्हाताऱ्या कुत्रीने वर्षभर खपून त्याला माणसांत आणलं, म्हणजे कुत्र्यांत. अभयने त्याचं नाव पिक्सेल ठेवलं होतं, तुम्ही त्याला पिक्शा अशी हाक मारायचात. नऊ वर्षं, म्हणजे तो असेपर्यंत, मी आलो की पिक्शा माझ्या समोर येऊन बसायचा. नऊ वर्षांत तुम्ही एकदाही ‘बघा’ म्हणाला नाहीत. मीही ‘चुकलं’ म्हणालो नाही. मी चहाची तारीफ करायचो. तुमचा चहा तारीफ करण्यासारखा नव्हता, हे आपल्या दोघांना माहीत होतं.

म्हणून प्रशांत जेव्हा चाव्यांचा जुडगा हातात घेऊन म्हणाला, “काकाजी, मला परवा निघा लागते, ड्युटी आहे. दोन फॅमिलीवाले तयार आहेत. उद्या देऊन टाकू न पिल्लं,” तेव्हा मी काही विचार न करता म्हणालो, “नाही.”

तुमचा भाचा गोंधळला. चांगला मुलगा आहे, बाई. तुमच्या जाण्याने तो किती हलला होता ते त्याच्या सारख्या कुलपं तपासण्यावरून कळत होतं. “बेचाळीस दिवसांची झाली नं? खाऊन राहिले.”

“छप्पन्न.”

“तुमीच तं मावशीसंग भांडत होते नं याच्यावरून? ती फोनवर सांगे मला. म्हणे, ग्रंथालयवाले आले होते, पुन्हा छप्पन्नची केस लावून गेले.”

मग तो एकदम हसला आणि तसाच रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला असलं जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. जाताना त्याने एक चावी जुडग्यातून काढून माझ्या हातात दिली. शेजारच्या मंदाताई म्हणाल्या, “दिवसा तुम्ही बघा, संध्याकाळनंतर मी आहे.” असा कारभार ठरला.

आधी मी पुस्तक घेऊन यायचो. तीन दिवसांत ते बंद झालं. वाचनाला वेळच मिळेना, इतकं समोर चाललेलं असायचं. तुम्ही पिल्लांना नावं ठेवत नव्हतात, गळ्यात लोकरीचा धागा बांधत होतात. मीही तांबडा, पिवळा, निळा, हिरवा असंच म्हणत गेलो. हिरवा दांडगट. तो ज्याच्याशी खेळेल ते ओरडून बाजूला व्हायचं. मग सगळे एकीकडे आणि हा एकटा. त्याला कळायचं नाही. पुन्हा जायचा, पुन्हा चावायचा, पुन्हा एकटा. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. मला वाटायचं, याला हाक मारून जवळ घ्यावं. मग वाटायचं, तुम्ही असता तर म्हणाला असता, “बसा खाली.” मी बसून राहायचो.

पन्नासाव्या दिवशी ऋचा नावाची मुलगी आली. समोरच्या इमारतीत नोकरी. हिरवा तिला देण्याचं तुम्हीच ठरवलं होतं. कापडही तिने आधीच आणून दिलेलं.

“काका, अ‍ॅक्च्युअली मंडेपासून मला ऑफिसला जायचंय. म्हणजे आज नेलं तर वीकेंडला सेटल होईल ना तो?”

“शुक्रवारी या.”

“बट सहा दिवसांनी असा काय फरक पडतो?”

अभयचंच म्हणणं आणि माझाच प्रश्न, एका वाक्यात. मला तिचा राग यायला हवा होता, पण मला ती आवडली. मी म्हणालो, “फरक पडेल की नाही, मला सांगता येणार नाही. चहा करतो, तासभर बसा आणि बघा.” ती बसली. तासाचे दोन तास झाले. हिरव्याने पिवळ्याचा कान धरला, पिवळा ओरडून निघून गेला, हिरवा आपला एकटा. ऋचा म्हणाली, “अय्या, हा तर आमचा टीम लीड आहे.” आणि थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, “त्याला कळेल ना पण?” मी म्हणालो, माहीत नाही. हे शब्द मी तुमच्यासमोर कधी उच्चारले होते का, आठवत नाही.

मंगळवारी त्याला कळलं. हिरव्याने निळ्याचा पाय धरला, निळा ओरडला, आणि हिरवा थांबला. जबडा उघडाच ठेवून उभा राहिला. मग तसाच खाली बसला, आणि निळा परत आला. एवढंच झालं. व्हरांड्यात मी एकटा होतो. ऋचाला फोन करून सांगितलं तर ती ऑफिसमध्ये ओरडली असावी, कारण मागून कोणीतरी काय झालं म्हणून विचारत होतं.

शुक्रवारी ती सुट्टी टाकून आली. सकाळपासून एकेक करून तांबडा, पिवळा, निळा गेले होते. मी प्रत्येकाबरोबर कापड दिलं, लसीचा कागद दिला, भाषण दिलं नाही. शेवटी हिरवा गेला. गेटबाहेर स्कूटर वळेपर्यंत चंपा उभी राहून बघत होती, आणि मी चंपाकडे.

खरं सांगायचं तर या क्षणाची मला सोळा दिवस भीती होती. पिल्लांची नव्हे, हिची. सुधाने त्यासाठी आमच्या घरात पहिल्यांदाच तीन अंडी उकडून दिली होती, खिडक्या उघड्या ठेवून. चंपा आता कायमची मंदाताईंकडे राहणार आहे. त्याही दाराआडून बघत होत्या, डोळ्याला पदर लावायच्या तयारीत.

चंपा परत आली. पिल्लांच्या रिकाम्या टोपलीचा वास घेतला. एकदाच. मग तिन्ही अंडी खाल्ली, पाणी प्यायली, व्हरांड्यात उन्हाची जागा शोधली आणि कुशीवर आडवी झाली. चारही पाय लांब टाकून. इतक्या दिवसांत मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती; ती नेहमी पोटावर बसायची, आचळं झाकून, अर्धा डोळा उघडा ठेवून. आता पोट उघडं टाकून, तोंड अर्धवट उघडं, घोरत होती. मला वाटलं उठली की शोधेल. तासाभराने उठली, कुंपणावरच्या कावळ्यावर भुंकली, आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

मेश्रामबाई, मी समजत होतो आठ आठवडे पिल्लांसाठी असतात. वीस-बावीस वर्षांत मी कायम पिल्लू घेऊन गेटबाहेर पडणाऱ्यांच्या बाजूला होतो. गेट लागल्यावर आत काय होतं हे पाहायला कधी थांबलो नाही, आणि थांबा असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. अडतीसाव्या दिवशी अभय त्याचं पिल्लू घेऊन गेला, त्या दुपारी त्याची आई कुठे बसली होती? किती दिवस? ते तुम्ही एकटीने पाहिलं असणार, आणि पुढच्या रविवारी मला चहा दिला असणार.

“चुकलं माझं, बाई,” मी म्हणालो. मोठ्याने, मंदाताई ऐकत होत्या तरी. चंपाने झोपेतच एक कान हलवला, उठली नाही.